घरातील विषारी व ज्वलनशील वायू : सूचक यंत्रे कोठे बसवावीत, कशी वापरावीत

कोकणातील घर म्हणजे वाऱ्याचे घर, अशी आपली समजूत आहे आणि पूर्वी ती बऱ्याच अंशी खरीही होती. मंगलोरी कौलांच्या फटी, लाकडी गजांच्या खिडक्या आणि दिवसभर उघडा असणारा पडवीचा दरवाजा यांतून घरात हवा खेळती राहत असे. चुलीचा धूर डोळ्यांना झोंबे, पण तो कौलांतून निघूनही जाई. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत स्लॅबची घरे आली, सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या, जुन्या कौलारू घरांनाही आतून पीव्हीसीचे किंवा प्लायवूडचे छत लागले. घर बंदिस्त झाले, मात्र घरात जळणाऱ्या वस्तू कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्या. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर गॅस सिलिंडर वाडीवाडीवर पोचला, पण पाणी तापविण्याची चूल बंद झाली नाही. कित्येक घरांत गोठ्यामागे बायोगॅस संयंत्र आहे, न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे आणि मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर वीज दिवसेंदिवस नव्हती तेव्हापासून अनेकांनी छोटा जनरेटरही घेऊन ठेवला आहे.

यापैकी प्रत्येक साधन उपयोगाचेच आहे. त्यांपासून होणारे धोके मात्र दोन अगदी वेगळ्या प्रकारचे आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळे बाजारातून चुकीचे यंत्र आणले जाते, किंवा योग्य यंत्र चुकीच्या जागी लावले जाते. या लेखात त्याविषयी माहिती देत आहे. सस्यशास्त्र शिकविणाऱ्याने भातावर लिहावे, हे गॅसचे कशाला, असे वाचकांस वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी, फोंडाघाटला आली होती. घाटपायथ्याचा पाऊस वाचकांना माहीत आहेच. भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, त्यामुळे दहा बाय दहा फुटांच्या स्लॅबच्या खोलीत खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवलेली असे. सकाळ-संध्याकाळ बाळंतिणीला शेक आणि बाळाला ओव्याची धुरी. मी एकदा खिडकी उघडली तर आजीने लगेच सांगितले, "दार-खिडकी उघडी ठेवू नको, बाळंतणीक वारो बाधतलो." आठ-दहा दिवसांनी बहिणीला डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखे होऊ लागले. शेक देणाऱ्या आईचेही डोके दुखे. बाळ दूध ओढत नव्हते, नुसते पेंगत होते. दोघी पडवीत येऊन बसल्या की तासा-दोन तासांत बरे वाटे. ताप नव्हता. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ दाखवीत होता. अशक्तपणा, बाळंतवारा, दृष्ट, अशी सर्व निदाने घरात होऊन गेली.

विद्यार्थ्यांच्या कुक्कुटपालन प्रकल्पासाठी त्याच सुमारास एक कार्बन मोनॉक्साईड अलार्म आणला होता. बॅटरी नीट बसते की नाही हे पाहण्यासाठी तो घरी आणला आणि सहज बहिणीच्या खोलीतील टेबलावर ठेवला. काही मिनिटांत आकडा शंभरावर गेला आणि वीस-पंचवीस मिनिटांनी यंत्र ओरडू लागले. शेगडी बाहेर काढली, १०८ ची गाडी बोलाविली, मायलेकांना रुग्णालयात ऑक्सिजन दिला. दोघेही आज ठणठणीत आहेत. पिल्लांच्या शेडसाठी जे यंत्र मी आठवडाभर आधी मागविले होते, ते स्वतःच्या घरात लावावे हे मला सुचले नव्हते.

वास नसलेला वायू

कार्बन मोनॉक्साईड या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. लाकूड, कोळसा, शेणी, करवंट्या, रॉकेल, डिझेल, पेट्रोल किंवा गॅस, म्हणजे ज्यात कार्बन आहे असे कोणतेही जळण अपुऱ्या हवेत जळले की तो तयार होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन श्वासातील ऑक्सिजन उचलून शरीरभर पोचविते. या विषारी वायूशी मात्र त्याची जवळीक ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण थोडे असले तरी रक्तातील जागा तो अडवून बसतो आणि छातीत हवा भरपूर जात असूनही माणूस आतून गुदमरतो. श्वास कोंडल्याची जाणीव होत नाही, हेच त्याचे विशेष. आधी डोके जड होते, मग मळमळ, चक्कर, हातापायांतील शक्ती जाणे, गोंधळल्यासारखे होणे आणि शेवटी बेशुद्धी. झोपेत असलेल्या माणसाला यातील काहीच कळत नाही. गर्भवती स्त्रीच्या पोटातील बाळाला आईपेक्षाही अधिक धोका असतो. लहान मुलांचा श्वास जलद चालतो, त्यामुळे त्यांच्यावरही परिणाम लवकर होतो.

बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ का दाखवितो, याचेही उत्तर येथेच आहे. नेहमीच्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनने भरलेले रक्त आणि या वायूने भरलेले रक्त यांतील फरक ओळखता येत नाही. तेव्हा आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. डॉक्टरांना "बंद खोलीत शेगडी होती" किंवा "जनरेटर चालू होता" एवढे वाक्य आवर्जून सांगावे. रक्ताच्या तपासणीत त्यावरून खरे निदान होते. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण एक ते दीड तास. रुग्णालयात नेणे जरुरीचे ते यासाठी.

आता शेगडीविषयी थोडे अधिक. धूर येत असताना आपण शेगडी अंगणात ठेवतो आणि निखारे लाल होऊन धूर थांबला की घरात आणतो. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे त्यामागचे गृहीत. प्रत्यक्षात उलट घडते. शेगडीच्या तळाशी हवा मिळते तेथे कोळशाचा कार्बन डायऑक्साईड होतो. तो वायू वरच्या तापलेल्या निखाऱ्यांतून जाताना त्याचे पुन्हा कार्बन मोनॉक्साईडमध्ये रूपांतर होते. निखाऱ्यांवर नाचणारी निळसर ज्योत म्हणजे तोच वायू जळताना दिसतो. वर राख चढली आणि ती ज्योत विझली की वायू न जळता तसाच खोलीत पसरतो. म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत, पिल्लांच्या शेडमध्ये किंवा थंडीत माजघरात आपण जी "शांत" शेगडी ठेवतो, तीच अधिक फसवी. शेक द्यायचाच असेल तर विटा, वाळूची पुरचुंडी किंवा गरम पाण्याची पिशवी बाहेर तापवून आत न्यावी. निखारे आत नेऊ नयेत. बाळाला धुरी न दिलेलीच बरी.

कुक्कुटपालकांनी हा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लांना ऊब देण्यासाठी वीज गेल्यावर बुखारी किंवा कोळशाची शेगडी पेटवितात, पडदे घट्ट सोडतात आणि राखणीला माणूस तेथेच खाट टाकून झोपतो. सकाळी पिल्ले पेंगलेली किंवा मेलेली आढळली की रोगाचा संशय घेऊन औषधे सुरू होतात. पक्ष्यांचा श्वसनाचा वेग जास्त असल्याने विषारी वायूचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या आधी दिसतो. जॉन हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी नेण्याचा सल्ला दिला तो याच कारणाने, आणि ब्रिटनमधील खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले तेही त्यांची जागा यंत्रांनी घेतली म्हणून. शेडमध्ये पडदे वरच्या बाजूने चार-सहा इंच उघडे ठेवावेत, बुखारीच्या धुराची नळी छपराबाहेर काढावी आणि माणसाने शेडमध्ये झोपू नये.

जनरेटर हा तिसरा धोका. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनाच्या धुरात या वायूचे प्रमाण पुष्कळ असते. पावसात भिजू नये म्हणून तो पडवीत किंवा जिन्याखाली ठेवणे ही आपल्याकडची सर्रास चूक आहे. पडवी उघडी असली तरी वाऱ्याची दिशा घरात असेल तर धूर आतच येतो. जनरेटर घरापासून किमान पंधरा-वीस फूट दूर, धुराची नळी घराच्या विरुद्ध दिशेला करून, वर स्वतंत्र पत्रा टाकून ठेवावा. विहिरीचा गाळ काढताना पंप आतल्या कट्ट्यावर उतरवून इंजिन तेथेच चालविणे तर जीवघेणेच आहे. विहीर म्हणजे वर तोंड असलेले पिंप. त्यात धूर साठतो आणि खालचा माणूस वर येऊ शकत नाही.

गॅस गीझरबाबत एवढेच सांगतो की, तो न्हाणीघराच्या आत नसावा. बाहेरच्या भिंतीवर, उघड्या जागी बसवून गरम पाण्याचा फक्त पाईप आत न्यावा. लहान बंद न्हाणीघरात गीझर तेथलाच ऑक्सिजन खातो आणि काही मिनिटांतच ज्योत अपुरी जळू लागते. आंघोळ लांबली तर दार तोडावे लागते, अशा बातम्या महाराष्ट्रातील शहरांतून दर हिवाळ्यात येतात. नेपाळमधील दामन येथे जानेवारी २०२० मध्ये केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या एका बंद खोलीत हीटर लावून झोपले आणि आठही दगावले. त्यांत लहान मुलेही होती.

अलार्मचा आकडा आणि त्याचा अर्थ

कार्बन मोनॉक्साईडचे प्रमाण पीपीएम या एककात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, असे मोजतात. घेताना यंत्रावर युरोपीय मानक ईएन ५०२९१ किंवा अमेरिकी मानक यूएल २०३४ यांचा उल्लेख आहे का ते पाहावे आणि शक्यतो आकडा दाखविणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यावे. युरोपीय मानकाप्रमाणे यंत्र ३० पीपीएमला पहिले दोन तास वाजत नाही. ५० पीपीएमला ते एक ते दीड तासात, १०० पीपीएमला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजते. रक्तात वायू किती साठला असेल याचा अंदाज घेऊन ही वेळ ठरविली आहे. फोडणी देताना क्षणभर आकडा वर गेला म्हणून ते लगेच बोंबलत नाही, हा गुण आहे.

यातून दुसरी गोष्टही निघते. यंत्र वाजले नाही म्हणजे हवा शुद्ध आहे, असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार आठ तासांची सरासरी सुमारे ९ पीपीएमच्या वर नसावी. बाळंतिणीच्या किंवा हृदयविकार असलेल्या वृद्धाच्या खोलीत आकडा सतत पंधरा-वीस राहत असेल, तर यंत्र गप्प असले तरी कारण शोधावे. आकडा न दाखविणाऱ्या स्वस्त यंत्रात हे कळण्याची सोय नसते, म्हणून ते घेऊ नये.

यंत्र कोठे लावावे

कार्बन मोनॉक्साईड हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि गरम धुराबरोबर आधी वर जातो, नंतर खोलीभर मिसळतो. त्यामुळे तो अमुकच उंचीवर सापडेल असे नाही. झोपण्याच्या खोलीत यंत्र झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, म्हणजे खाटेजवळच्या टेबलावर किंवा भिंतीवर ठेवावे. ज्या खोलीत चूल, शेगडी किंवा गीझर आहे तेथे ते साधनापासून आडव्या अंतरात एक ते तीन मीटर दूर, खिडकी-दाराच्या वरच्या चौकटीपेक्षा उंच पण छतापासून किमान १५ सेंटीमीटर खाली लावावे. छतालाच लावायचे झाल्यास भिंतीपासून ३० सेंटीमीटर आत घ्यावे.

परदेशी पुस्तिकांत दिलेली ही मापे सपाट छतासाठी आहेत. आपल्या कौलारू घराला छतच नसते, आढ्यापर्यंत पंधरा-सोळा फुटांची पोकळी असते. तेथे आढ्याला यंत्र लटकवून उपयोग नाही, कारण बटण दाबायला रोज शिडी कोण लावणार? अशा घरात यंत्र भिंतीवर उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला आणि झोपण्याच्या जागी खाटेच्या उंचीला, असे दोन लावणे उत्तम. एकच परवडत असेल तर ते झोपण्याच्या जागी लावावे. जागेपणी माणसाला डोकेदुखी तरी जाणवते.

चुलीच्या थेट वर, पंख्याखाली, खिडकीच्या झोतात, पडद्यामागे, कपाटात किंवा न्हाणीघराच्या वाफेत यंत्र लावू नये. घरी इन्व्हर्टर असल्यास त्याच्या बॅटरीजवळही नको. बॅटरी भरताना हायड्रोजन बाहेर पडतो आणि या यंत्रातील संवेदक त्यालाही फसतो. एका बागायतदारांचे यंत्र वीज आली की वाजे, वीज गेली की गप्प होई. त्यांनी ते दोनदा दुकानात परत नेले. इन्व्हर्टर पडवीत हलविल्यावर ते शहाणे झाले.

स्वयंपाकाचा गॅस : खाली बसणारा शत्रू

सिलिंडरमधील गॅस हा दुसऱ्या प्रकारचा धोका. तो मुख्यतः विषारी नाही, ज्वलनशील आहे. प्रोपेन आणि ब्युटेन यांचे हे मिश्रण हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असते, त्यामुळे गळती झाली की गॅस जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, मोरीत, पायरीवरून खालच्या खोलीत उतरतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले की ठिणगी पुरते. ९-साडेनऊ टक्क्यांच्या वर मात्र तो पेटत नाही, कारण हवा अपुरी पडते.

दोन टक्के म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहू. दहा बाय दहा फुटांच्या स्वयंपाकघराची जमीन साधारण नऊ चौरस मीटर. गॅस खालच्या एक फुटात साठला असे धरले तर ती हवा सुमारे पावणेतीन घनमीटर होते. तिच्या दोन टक्के म्हणजे ५४-५५ लीटर गॅस. एक किलो द्रव गॅसचा वायू साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे लीटर होतो. तेव्हा एवढ्या गॅसला सव्वाशे ग्रॅमदेखील लागत नाहीत. भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. रात्रभर नळीतून बारीक गळती झाली तर पहाटे चहासाठी लायटर मारणाऱ्या माणसाच्या पायाशी काय साठलेले असते, याची कल्पना यावरून यावी.

गळती कळावी म्हणून कंपन्या गॅसमध्ये मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. पण नाक थोड्या वेळाने त्या वासाला सरावते, वयोवृद्धांचे घ्राणेंद्रिय मंद झालेले असते, करोनानंतर काहींचा वास पूर्ण परतलेला नाही आणि स्वयंपाकघरात सुकट भाजलेली असेल तर चांगल्या नाकाचाही भरवसा नाही. म्हणून येथे गॅस अलार्म उपयोगी पडतो. तो जमिनीपासून १५ ते ३० सेंटीमीटर उंचीवर, शेगडी व सिलिंडरपासून दीड ते चार मीटर अंतरावर लावावा. खालच्या बाजूला असल्याने लादी पुसताना पाणी, केरसुणीची धूळ आणि मुंग्या यांचा त्याला त्रास होतो, तरीही तो वर लावू नये. दुकानदार बहुधा डोक्याच्या उंचीच्या खटक्याजवळ बसवून देतो, कारण वायर तेथे असते. त्याला तसे करू देऊ नये.

हा अलार्म बहुतेक विजेवर चालतो, कारण त्यातील संवेदक सतत तापलेला ठेवावा लागतो. वीज गेली की तो आंधळा. इन्व्हर्टरच्या जोडणीवर घेतल्यास ही अडचण दूर होते. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे तो गरम होण्यात घालवितो, त्या वेळी वाजल्यास घाबरू नये. डासांचा फवारा, अत्तर, स्पिरिट, ताजा रंग यांनीही तो वाजतो. तरी प्रत्येक वेळी "फवाऱ्यानेच असेल" म्हणून सोडून देऊ नये, आधी रेग्युलेटर बंद करावा आणि मग कारण शोधावे.

बाजारात "गॅस व कार्बन मोनॉक्साईड, दोन्ही एकात" अशीही यंत्रे मिळतात. वाचकांच्या लक्षात आले असेलच की एकाला जमिनीलगतची जागा हवी आणि दुसऱ्याला श्वासाच्या उंचीची. दोन कामे एका यंत्राला दिली की एक काम अर्धवट होते. सिलिंडरच्या गॅससाठी माझी शिफारस दोन स्वतंत्र यंत्रांची आहे. आणि साधा गॅस अलार्म शेगडीचा विषारी वायू ओळखत नाही, हे पुनःपुन्हा सांगावेसे वाटते.

अलार्म हा गळती थांबवीत नाही. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. तिच्यावर वर्ष छापलेले असते. सिलिंडरच्या मानेच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर व वर्ष असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे ती सिलिंडरच्या पुढील चाचणीची मुदत होय. ती उलटून गेली असल्यास सिलिंडर घेऊ नये. सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, काडी ओढून पाहण्याचा प्रकार करू नये.

बायोगॅस असलेल्या घरांसाठी

बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साईड आणि थोडा हायड्रोजन सल्फाईड असतो. मिथेन हवेपेक्षा बराच हलका, म्हणून बायोगॅसच्या स्वयंपाकघरात अलार्म छतापासून १५ ते ३० सेंटीमीटर खाली, खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच लावावा. यंत्र घेताना ते मिथेनसाठी आहे की सिलिंडरच्या गॅससाठी, ते विचारून घ्यावे. नळाने येणारा नैसर्गिक वायूही मिथेनच, त्याला हाच नियम. एका ओट्यावर बायोगॅसची व सिलिंडरची, अशा दोन्ही शेगड्या असतील, आणि आपल्या जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ आहेत, तर एक यंत्र वर आणि एक खाली लागेल.

खरा धोका मात्र स्वयंपाकघरात नाही, खड्ड्यात आहे. नेवासा तालुक्यातील वाकडी येथे ९ एप्रिल २०२४ रोजी, नेमका गुढीपाडव्याच्या दिवशी, शेणाची स्लरी साठविलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला काढायला एकजण उतरला, तो वर आला नाही म्हणून दुसरा, मग तिसरा, असे सहाजण उतरले. पाचजण गेले. कमरेला दोर बांधलेला एकजण तेवढा वाचला. कुजणाऱ्या शेणातून निघणारा कार्बन डायऑक्साईड जड असल्याने खाली साठून राहतो आणि ऑक्सिजनला हुसकावतो. हायड्रोजन सल्फाईड थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते. "आता वास येत नाही, उतरा" हा निष्कर्ष म्हणूनच प्राणघातक ठरतो.

घरगुती अलार्म दोरीला बांधून खड्ड्यात सोडणे हा उपाय नव्हे. ते यंत्र ऑक्सिजन मोजत नाही, हायड्रोजन सल्फाईडही मोजत नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत स्लरीच्या खड्ड्यावर वापरू नये. तेथे मिथेन असल्यास भडका उडेल, आणि ज्योत तेवत राहिली तरी विषारी वायू नाही असे सिद्ध होत नाही. संयंत्राच्या किंवा स्लरीच्या टाकीत उतरायचेच नाही, साफसफाई वरून पंपाने किंवा माहितगार यंत्रणेकडून करून घ्यावी. कोणी पडलेच तर मागोमाग न उतरता अग्निशामक दलाला १०१ वर किंवा ११२ वर कळवावे. खड्ड्यावर जाड झाकण आणि जाळी ही या बाबतीत कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त आणि खात्रीची आहे.

यंत्र वाजले तर

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वाजल्यास घरातील सर्वांनी, गुरे-पाखरे नंतर, आधी माणसांनी उघड्या अंगणात यावे. वाटेतले दरवाजे उघडत यावे. झोपलेल्यांना हाका मारून नव्हे, हलवून उठवावे. सर्वजण बाहेर आल्याची मोजणी करावी. कोणाला डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी असेल तर १०८ ला बोलवावे. बरे वाटले म्हणून लगेच आत जाऊ नये. यंत्राचा आवाज बंद करून पुन्हा झोपणे, ही चूक हमखास होते, कारण या वायूने माणसाची विचारशक्तीच मंदावते.

गॅसचा अलार्म वाजल्यास कोणताही विजेचा खटका दाबू नये, चालू असलेला बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा लावू नये, अलार्मचा प्लगही ओढू नये. देवघरातील समई व चूल विझवावी, मात्र गॅसचा वास तेथवर पोचला असेल तर त्या बाजूला न जाता सरळ बाहेर पडावे. हात पोचत असल्यास रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, सिलिंडरला टोपण लावावे. फोन अंगणात येऊन करावा. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

आपल्या हवेतील देखभाल

तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या प्रदेशात कोणतेही यंत्र परदेशी पुस्तिकेत लिहिले तितकी वर्षे टिकेल, असे मानू नये. यंत्राच्या मागे उत्पादनाची तारीख व आयुष्य, बहुधा पाच ते दहा वर्षे, लिहिलेले असते. संवेदकाचे आयुष्य यंत्र वापरा अथवा न वापरा, संपतच असते. म्हणून दुकानात दोन वर्षे पडून असलेला माल घेऊ नये. महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे. दर संकष्टीला दाबण्याचा नियम आमच्या घरी केला आहे, त्यामुळे विसर पडत नाही. मधूनमधून एकच बारीक "टिक" असा आवाज येऊ लागला तर बॅटरी संपत आली असे समजावे. ती बॅटरी मुलांच्या खेळण्यात गेलेली अनेक घरांत पाहिली आहे.

जाळीवरील धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने काढावी. पाणी, फिनेल किंवा फवारा वापरू नये. पिल्लांच्या शेडमध्ये हे काम आठवड्याला करावे लागते. पाली व मुंग्या आत शिरतात, त्यासाठी यंत्राच्या फटी चिकटपट्टीने बंद करण्याचा मोह होतो, पण मग हवा आत जाणार कोठून? चतुर्थीआधी घर रंगविताना यंत्र काढून दुसऱ्या खोलीत ठेवावे, कारण रंगाची व सिलिकॉनची वाफ संवेदकाला कायमची निकामी करू शकते. रंग वाळला, वास गेला की आठवणीने परत लावावे. गेल्या वर्षी आमचेच यंत्र गणपती विसर्जनानंतर पंधरा दिवसांनी माळ्यावर आरासीच्या खोक्यात सापडले.